चोवीस मेंढ्या

चि. स अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. पेरूला शिकवायला जावं की न जावं, यावर तू तीन पानं खर्च केली आहेस. त्यावर मी वेळ घालवत नाही. तू जाणार हे ओळीओळीत दिसतंय, आणि जाच. मला टोचला तो शेवटचा प्रश्न: "मावशी, दोन महिन्यांत तिथल्या मुलांना काय काय शिकवता येईल?" हाच प्रश्न घेऊन मीही एकदा कुस्कोला उतरले होते. त्याचं काय झालं ते सांगते.

आधी तारखांचं. तू जानेवारी-फेब्रुवारी ठरवलेस. अगं, पेरूत शाळा मार्चमध्ये भरते आणि डिसेंबरात सुटते. तू म्हणतेस ते दोन महिने म्हणजे भर पावसाळा आणि शाळेची मोठी सुट्टी. तुझ्याकडून पैसे भरून घेणाऱ्यांनी हे सांगितलं नाही, यावरूनच काय ते ओळख. सुट्टीत घरकामातली, गुराढोरांमागची मुलं तुझ्यासाठी गोळा करून बसवतील, तू त्यांना इंग्रजी गाणी म्हणायला लावशील, फोटो निघतील. ते करू नकोस. मार्चमध्ये जा आणि तोवरचा वेळ भाषेला दे. आधी क्वेचुआ शीक, ती तिथल्या डोंगरातल्या लोकांची भाषा. स्पॅनिश तुला येतं हे ठाऊक आहे मला. तरीही सांगते, क्वेचुआ शीक.

मी राहिले ते गाव जवळजवळ ३,९०० मीटरवर होतं. कळसूबाईवर कळसूबाई ठेवली तरी खालच्या कुस्को शहराची उंची भरत नाही, आणि हे त्याच्याही वर. पहिले चार दिवस डोकं घणघणत होतं, कोकाच्या पानांच्या काढ्यावर काढले. समोर औसांगाते शिखराचं बर्फ. शाळा दोन खोल्यांची. मला पहिली-दुसरीचं गणित दिलं. त्यात सहा-सात वर्षांची एक मुलगी होती, टायरच्या रबराच्या वहाणा घातलेली, गालांना थंडीने भेगा पडलेल्या. मी फळ्यावर टिंबं काढायची, स्पॅनिशमध्ये विचारायची, किती? ती आईच्या जुन्या शालीचं टोक तोंडाशी धरून उभी राहायची. तिसऱ्या आठवड्यात मी तिच्या नावापुढे लिहिलं, "गणितात कच्ची." तिला लहान मुलांत बसवलं. माझ्याच हाताने.

मग एका संध्याकाळी दगडी कुंपणाशी ती दिसली. मेंढ्या आत घेत होती. एकेकीच्या पाठीवर हात टेकवत मोठ्याने मोजत होती: हुक, इस्काय, किन्सा, तावा... दहाला चुंका. आणि ती दहावर थांबली नाही. शेवटची मेंढी आत गेली तेव्हा म्हणाली, इस्काय चुंका तावायोक. दोन दहा, चारासकट. चोवीस. मग कपाळाला आठी घालून कुंपणावर चढली आणि टेकाडाकडे बघत हाका मारू लागली, कारण एक कमी होती.

वही माझ्या पिशवीत होती.

तुला आठवत असेल, २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'वीस एक' अशी वाचायची पद्धत आली तेव्हा आपल्याकडे केवढा गदारोळ झाला. क्वेचुआचे आकडे मुळातच तसे सरळ आहेत. आपल्या एकोणतीस-एकोणचाळीससारखी भानगड तिथे नाही. त्या पोरीला गणित माझ्यापेक्षा स्वच्छ येत होतं. तिला येत नव्हती ती माझी भाषा. मला तिची येत नव्हती आणि गुण मात्र मी देत होते.

खरं दुखणं याच्याही मागचं आहे. त्याआधी चार वर्षं मी नंदुरबारातल्या धडगावकडे शिकवलं होतं. मुलं पावरी बोलणारी, पुस्तक मराठी. चार वर्षांत पावरीची धड चार वाक्यं मी शिकले नाही. तिथे किती नावांपुढे 'कच्चा' लिहिलं असेल, आज मोजता येत नाही. तिथे माझे डोळे उघडले नाहीत. त्यासाठी अर्धी पृथ्वी ओलांडावी लागली, याची लाज आहे मला.

म्हणून पुन्हा सांगते, आधी क्वेचुआ. तू म्हणशील, तिथल्या आयाच म्हणतात, आमच्या मुलांना कास्तेयानो, म्हणजे स्पॅनिश, शिकवा. म्हणतीलच. दवाखान्यात, बँकेत, कोर्टात त्यांना स्पॅनिशवाचून उभं करत नाहीत. १९७५ मध्ये क्वेचुआ देशाची अधिकृत भाषा झाली, २०१७ च्या जनगणनेत सुमारे ३७ लाख लोकांनी ती आपली मातृभाषा सांगितली, तरी खिडकीपलीकडचा माणूस स्पॅनिशच बोलतो. त्या आयांशी वाद घालू नकोस. मुलांना स्पॅनिश शिकव, पण त्यांच्या आकड्यांवरून, त्यांच्या मेंढ्यांवरून, त्यांच्या बटाट्यांच्या नावांवरून शिकव. त्यासाठी ती नावं तुला यायला हवीत. दुसरी वाट नाही.

पेन्सिलींची खोकी नेऊ का म्हणून विचारतेस! वह्या-पेन्सिली कुस्कोत हव्या तितक्या मिळतात, त्या शाळेच्या बाईंना विचारून त्यांच्याच हाती दे. आणि तिथे 'इंडिओ', म्हणजे इंडियन, हा शब्द जपून. तो तिथे शिवी म्हणून वापरला गेलाय. १९६९ च्या जमीन सुधारणेत तेव्हाच्या वेलास्को सरकारने तो सरकारी भाषेतून काढला आणि 'काम्पेसिनो', म्हणजे शेतकरी, हा शब्द आणला. मी पहिल्याच बैठकीत ऐटीत सांगितलं होतं की मीही इंडिओ. खोली गप्प झाली.

त्या संध्याकाळनंतर मी परतीचं तिकीट रद्द केलं आणि चौदा महिने राहिले. पहिले सात महिने कुणाला काहीच शिकवलं नाही. बटाटे काढले. जूनच्या कडाक्यात रात्री उघड्यावर गोठवून दिवसा पायांनी तुडवून चुन्यो, म्हणजे सुकवलेले बटाटे, करतात, ते केलं. आज मी तुझ्या शेतावर, उद्या तू माझ्या, या त्यांच्या आयनीत माझीही पाळी लागली. आणि ऐकत राहिले. घरी बाबांचं ऑपरेशन झालं, दादाने एकट्याने निभावलं. तो आजही म्हणतो, तू तिकडे काय उभं केलंस ते दाखव. दाखवायला काही नाही. ना खोली, ना वाचनालय, ना पाटी. दादाचं दुखणं मला समजतं, त्याची माफी मी मागितली आहे. पण ते सात महिने वाया गेले असं मी त्याच्यापुढेही कबूल केलं नाही, तुझ्यापुढेही करणार नाही. आठव्या महिन्यात ती मुलगी फळ्याशी आली. मी क्वेचुआत विचारलं, तिने क्वेचुआत मोजलं, आणि मग आम्ही दोघींनी मिळून तेच स्पॅनिशमध्ये म्हटलं. तेवढंच झालं. मला ते पुरतं.

आता कामाचं. क्वेचुआत तीन 'त' आहेत. तांता म्हणजे जमलेलं, थांता म्हणजे जुनं-फाटकं, आणि तिसरा त श्वास रोखून, घशातून तटकन तोडायचा, तेव्हा त्याचा अर्थ खायचा पाव होतो. 'थ' तुला आईकडूनच मिळालाय, स्पॅनिशवाल्यांना तिथेच घाम फुटतो. तिसरा मात्र घोटावा लागतो. मंगळवारी संध्याकाळी ये, वही आण. तो तिसरा त तुझ्या तोंडून निघेपर्यंत तिकिटाचं बोलायचं नाही.

तुझी,
मावशी