मेलेली माणसं पुन्हा उठणार, हे तुम्ही ख्रिस्ती लोक खरंच मानता का?

हो, खरंच मानतो. कुणाची समजूत घालायला म्हणून नाही आणि बोलायची रीत म्हणूनही नाही.

तुम्ही लिहिलंय की ऑफिसातल्या मित्राच्या वडिलांच्या दफनविधीला गेला होतात, तिथे लोक 'पुन्हा भेटू' अशा अर्थाचं गीत म्हणत होते, पाळकसाहेब 'देवाचं राज्य येणार आहे' म्हणाले. तर हे राज्य म्हणजे काय, ते कधी येणार, आणि मेलेले उठणार यावर आमचा अगदी शब्दशः विश्वास असतो का, असं तुम्हाला विचारायचंय. आमच्याच कुणीतरी तुम्हाला उत्तर दिलंय की आत्मा स्वर्गात जातो, बाकी सगळं प्रतीक. ते वाचून मला राहवलं नाही.

दर रविवारी मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, उभं राहून विश्वासाच्या कबुलीत 'देहाचे पुनरुत्थान' म्हणायचं आणि बाहेर आल्यावर त्याला प्रतीक म्हणायचं, हे मला मुळीच मान्य नाही. ही गोष्ट पचायला जड आहे हे येशूचा संदेश गावोगाव नेणाऱ्या पौलालाही माहीत होतं. अथेन्समध्ये तो बोलत होता तोवर लोक ऐकत होते. मेलेल्यांच्या उठण्याचा विषय निघाला तशी काहींनी टिंगल सुरू केली. आत्मा अमर आहे एवढंच तो सांगत असता तर कोण कशाला हसलं असतं? ते तिथल्या कितीतरी जणांना आधीपासूनच पटलेलं होतं.

आता माझ्या घरचं सांगते. आमची कबर एकच आहे. शहरात नवी जागा मिळणं सोपं राहिलेलं नाही, त्यामुळे कित्येक कुटुंबं जुनीच कबर पुन्हा उघडतात. आई गेली तेव्हा आम्ही बाबांची उघडली. दफन दुपारी होतं. थोरला भाऊ, म्हणजे दादा, आणि मी सकाळीच कबरस्तानात जाऊन थांबलो. खणणाऱ्या माणसानं कडेला एक पांढरं कापड अंथरलं आणि जे सापडेल ते त्यावर ठेवत गेला. पेटीचं लाकूड पार मातीला मिळालेलं. पितळी कड्या तेवढ्या उरल्या होत्या, हिरव्या पडलेल्या. मग हाडं. तो माणूस फार हळुवारपणे काम करत होता, एकेक हाड फडक्यानं पुसून ठेवत होता.

बाबा खडकीला कारखान्यात होते. होळकर पुलाजवळ एका ट्रकनं त्यांची सायकल उडवली होती. उजवी नडगी मोडली, ती नीट जुळली नाही आणि ते जन्मभर लंगडले. मी नर्स होते, उभी नोकरी सरकारी हॉस्पिटलात गेली. त्या कापडावर उजव्या नडगीचं हाड आलं आणि मी ओळखलं. मधोमध जाड गाठ होती आणि तिथून हाड किंचित बाहेर वळलेलं. लहानपणी संध्याकाळी मी याच गाठीवर तेल चोळायचे, बोटांना ती पायजम्यावरूनही कळायची. मी ते हाड हातात घेतलं.

दादा म्हणाला, "बघ, एवढंच उरतं. देह म्हणजे जुना सदरा. बाबांनी टाकला, काल आईनं टाकला. यात जीव अडकवू नकोस."

मी म्हटलं, "सदरा नाही दादा, हा बाबांचा पाय आहे."

तिथेच आमचं वाजलं. खणणारा माणूस बिचारा कुदळ धरून उभा. शेवटी मामांनी दादाला बाजूला नेलं. हाडं त्याच कापडात बांधून पायाच्या बाजूला ठेवली आणि दुपारी आईची पेटी खाली उतरली.

जुन्या वस्त्राचा विचार गीतेतला आहे. ज्यांचा आहे त्यांच्या ठायी तो मोठाच आहे, मला त्यावर काही बोलायचं नाही. पण तो आमचा विचार नव्हे, आणि मंडळीत पंच म्हणून बसलेल्या माणसानं कबरीच्या काठावर तो आमचा म्हणून सांगू नये. आमच्या शास्त्रात उठलेल्या येशूला पाहून शिष्यांना भूत वाटलं, तेव्हा त्यानं खायला मागितलं आणि भाजलेल्या माशाचा तुकडा त्यांच्यासमोर खाल्ला. थोमा नावाच्या शिष्याला त्यानं हातांवरचे, वधस्तंभावरच्या खिळ्यांचे व्रण दाखवले. आणि कबर रिकामी होती. देह टाकूनच द्यायचा होता तर कबर रिकामी कशाला व्हायला हवी होती? दादाला मी हे त्या दिवसापासून विचारतेय, अजून उत्तर आलेलं नाही.

बाबा उठतील तेव्हा ती गाठ असेल का, याचा मी खूप विचार केलाय. येशूचे व्रण तर राहिले होते. ते दुखत असतील असं मात्र कुठे लिहिलेलं नाही. माझ्यापुरतं मी धरून चालते की मी बाबांना ओळखेन, आणि ते लंगडत नसतील.

दादाचं आणि माझं खरं भांडण त्याहून जुनं आहे. कितीतरी वर्षं मी जळीत वॉर्डात होते. तिथे कशा मुली यायच्या ते सगळ्यांना माहीत आहे. स्टोव्हचा भडका उडाला, असं घरची माणसं सांगायची. मृत्युपूर्व जबाब घ्यायला मॅजिस्ट्रेट यायचे तेव्हा सासरचं कुणी पलंगापाशी राहू नये यासाठी मी दारात उभी राहायचे. नवरा 'मी फक्त पाणी पाजतो' म्हणत आत शिरायला बघायचा, मी त्याला हलू द्यायची नाही. पुढे कोर्टाच्या तारखांनाही गेले. दादा म्हणायचा, हे जग जळून जाणार आहे, प्रभू आपल्याला वर उचलून घेणार आहे, मग मोडक्या घराची डागडुजी कशाला करत बसायची? प्रार्थना कर, तेवढं पुरे.

मी प्रार्थनाच तर करत होते! 'तुझे राज्य येवो, जसे स्वर्गात तसे पृथ्वीवरही तुझ्या इच्छेप्रमाणे होवो.' पृथ्वीवर, असंच म्हणतो ना आपण? आम्हाला इथून बाहेर काढ, अशी ती प्रार्थना नाही. प्रकटीकरण या बायबलातल्या शेवटच्या पुस्तकाच्या अखेरीसही माणसं वर जात नाहीत. देवाची नगरी खाली उतरते, देव माणसांमध्ये राहायला येतो, त्यांच्या डोळ्यांचे अश्रू पुसतो आणि मरण राहत नाही. तुम्ही विचारलेलं देवाचं राज्य ते हेच. जिथे त्याच्या मनासारखं होतं तिथे ते येशूपासून सुरू झालंय, पण पुरं झालेलं नाही. पुरं होईल तेव्हा हिशेबही होईल. वॉर्डातल्या त्या मुलींपैकी बहुतेक जणी वाचल्या नाहीत आणि कित्येकींचे नवरे सुटले. त्यांचा आत्मा सुखरूप आहे, झालं गेलं विसरा, असं कुणी म्हटलं तर मला ते चालत नाही. त्यांच्या देहावर अन्याय झालाय. तो देहच देवानं परत उभा केला पाहिजे, धड आणि देखणा, नाहीतर न्याय झाला असं मी म्हणणार नाही. मरण हा शेवटचा शत्रू आहे असं पौल म्हणतो. शत्रूशी समेट करून त्याला सुटका म्हणायला मी तयार नाही.

प्रभूच्या येण्याची वाट बघणारा माणूस हातावर हात ठेवून बसतो, हेही खोटं. पंडिता रमाबाईंइतकी वाट कुणी बघितली असेल? 1896-97च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुलींना, विधवांना घेऊन आल्या. इकडे पुण्यात प्लेग. मग केडगावला त्यांनी विहिरी खणल्या, शेती केली, छापखाना काढला आणि त्यात बायकांनी टाईप जुळवले. 1921 साली लेक मनोरमा गेली. तरी मूळ हिब्रू-ग्रीकवरून मराठी बायबल करण्याचं काम त्यांनी सोडलं नाही, 1922च्या एप्रिलमध्ये स्वतः जाईपर्यंत. दौंड लाइनवर केडगाव लागतं, जाऊन बघा. आणि थेस्सलनीका शहरातल्या ज्या ख्रिस्ती लोकांना पौलानं प्रभूच्या येण्याबद्दल एवढं लिहिलं, त्यांनाच तो बजावतो की ज्याला काम करायचं नाही त्यानं खाऊही नये.

कधी येणार? माहीत नाही. तो दिवस पुत्रालाही, म्हणजे त्याला स्वतःलाही, ठाऊक नाही असं खुद्द येशू म्हणाला, तेव्हा साल सांगणाऱ्या कुणाचंही ऐकू नका. दादाची नवी मंडळी असली सालं सांगते, म्हणून मुद्दाम लिहिते.

काही गोष्टी राहिल्या. माणूस मेल्यापासून पुनरुत्थानापर्यंत कुठे असतो यावर आमच्यात एकमत नाही. वधस्तंभावरच्या चोराला येशू 'आज तू माझ्याबरोबर सुखलोकात असशील' म्हणाला, आणि ख्रिस्ताजवळ जाऊन असावं असं पौलालाही वाटे. त्यामुळे आई-बाबा प्रभूजवळ आहेत हे दादाचं म्हणणं मलाही मान्य आहे. मी एवढंच म्हणते की तो मुक्काम आहे, शेवट नव्हे. कॅथलिक लोक शुद्धीस्थान, म्हणजे स्वर्गाआधी आत्मा शुद्ध होण्याची अवस्था, मानतात आणि 2 नोव्हेंबरला मृतांसाठी मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, करतात, आम्ही प्रोटेस्टंट करत नाही. काही जण मेलेला माणूस त्या दिवसापर्यंत झोपलेला असतो असं धरतात. आणि दफनच हवं असंही नाही. ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांनी आपल्या देहाचं दहन करा असं सांगून ठेवलं होतं, ते 1919 साली वारले. कॅथलिक चर्चनंही 1963 साली दहनाची मुभा दिली. ज्यानं मातीतून घडवलं त्याला राखेची अडचण पडत नाही.

आता तुमच्या मित्राचं. त्याच्याकडे जा. धर्मावर बोलायची गरज नाही, त्याला त्याच्या वडिलांबद्दल विचारा. ते कसे चालायचे, काय आवडीनं खायचे, कशावरून चिडायचे, हे सांगू दे त्याला. आमच्या आईच्या उजव्या मनगटावर तव्याच्या चटक्यांचे डाग होते, जन्मभर मुलींच्या होस्टेलात स्वयंपाक केला तिनं. रात्री तिला आंघोळ घालताना मी ते डाग एकेक करून पुसत होते आणि बाहेरच्या खोलीत दादा सगळ्यांना बजावत होता की रडायचं नाही, रडलात तर तुमचा विश्वास कमी पडला. माझी धाकटी भाची पदर तोंडात कोंबून बसली होती. मित्राच्या घरीही असं बजावणारा कुणी वडीलधारा निघेल, जवळपास प्रत्येक घरात निघतो. त्याला विचारा, मेलेला मित्र लाजर याच्या कबरीवर येशू का रडला? पुढच्या काही क्षणांत लाजराला उठवणार आहे हे त्याला माहीत होतं, तरीही तो रडला. मग पोरानं आपल्या बापासाठी का रडू नये?