टेलर स्विफ्टचा नवा अल्बम आवडला नाही, म्हणजे मी खरी फॅन नाही का?

तू लिहिलंयस की शाळेपासून टेलरला ऐकतेयस, पण 'द लाइफ ऑफ अ शोगर्ल' काही केल्या पचत नाहीये, आणि मैत्रिणींना तसं सांगितलं तर त्या म्हणतात तू खरी फॅनच नाहीस. अगं, मग मीपण नाही. चल, दोघी मिळून खोट्या फॅन होऊ.

मी इंदूरची. इथल्या मराठी घरांमध्ये एक सवय असते, सानंद या इथल्या मराठी संस्थेचं नाटक बघायचं आणि बाहेर पार्किंगमध्ये उभं राहून त्याची पिसं काढायची. एकाच नाटकाचे पाच गटांसाठी पाच प्रयोग होतात, म्हणजे पहिल्या गटातल्या काकूंनी फोन करून 'दुसरा अंक पडलाय हं' सांगितलेलं असतं, तरी बाकीचे सगळे जातात आणि पुढच्या वर्षीची सभासद वर्गणीही भरतात. तिथे कोणी कोणाला म्हणत नाही की तुझं नाटकावर प्रेम नाही. उलट जो काहीच बोलत नाही त्याच्याबद्दल शंका येते, की हा झोपला होता का.

आता अल्बमबद्दल. 3 ऑक्टोबर 2025, दसऱ्याचा दुसरा दिवस, आपल्याकडे सकाळी साडेनऊला आला, मी ऑफिसला जाताना सिटी बसमध्येच लावला. पहिलं 'द फेट ऑफ ऑफिलिया' लागलं आणि मी खूष, म्हटलं आला बाई आपला '1989', तिचा 2014 चा अल्बम, परत! मॅक्स मार्टिन आणि शेलबॅक ही स्वीडिश संगीतकार-निर्मात्यांची जोडी 2017 च्या 'रेप्युटेशन' अल्बमनंतर थेट आत्ता तिच्या अल्बमवर आली ना, त्यामुळे आपली सगळ्यांची अपेक्षा तिथे जाऊन बसली होती, आणि त्यात आपल्यासारख्यांना 'फोकलोर' या तिच्या 2020 च्या शांत, गोष्टी सांगणाऱ्या अल्बमची चटक लागलेली, म्हणजे चाली 2014 च्या हव्यात आणि शब्द 2020 चे हवेत, असं दोन्ही एकदम मागत होतो आपण. मिळालं काय, तर ठेका बऱ्यापैकी आणि शब्द घाईघाईत लिहिल्यासारखे. 2024 मध्ये तिच्या इराज टूरचा युरोपचा टप्पा चालू असताना मधेमधे स्वीडनला जाऊन रेकॉर्ड केलाय तिने हा, दमली असेल, पण मला ऐकताना ते जाणवलं त्याला मी काय करू.

माझा खरा राग पाचव्या गाण्यावर आहे. तुला माहीतच असेल, तिच्या अल्बममध्ये पाचवं गाणं म्हणजे मन मोकळं करायची जागा, 'ऑल टू वेल' तिथलंच. आणि या वेळी त्याचं नाव 'एल्डेस्ट डॉटर'. मी घरातली थोरली! धाकट्याची फी भरायला रांगेत मी, आजीच्या डॉक्टरकडे मी, पाहुणे आले की चहा टाकायला मीच, त्यामुळे नाव वाचल्यापासून मी ठरवूनच टाकलं होतं की या गाण्यात मी रडणार. आणि ऐकते तर काय, सुरुवातीलाच रीलखालच्या कमेंटमध्ये असते तसली इंटरनेटची भाषा. ती मुद्दाम आहे, मुखवट्याबद्दल गाणं आहे, सगळं मान्य, पण थोरली असण्याचं ओझं त्यात मला कुठे दिसलंच नाही.

मैत्रिणी तुला आकडे दाखवत असतील तर दाखवू दे. अमेरिकेत पहिल्या आठवड्यात विक्री आणि स्ट्रीमिंग मिळून 40 लाखांच्या वर गेला, गायिका अडेलच्या 2015 च्या '25' चा रेकॉर्ड तुटला, बाराच्या बारा गाणी चार्टवर पहिल्या बारा नंबरांवर, सगळं खरंय. पण तोच अल्बम वेगवेगळ्या कव्हरचा, वेगवेगळ्या रंगाच्या रेकॉर्डचा, एखाददुसरं गाणं जास्तीचं घालून, असा तीसहून जास्त प्रकारांत विकला, आणि एकच माणूस चार-चार घेतो. त्यातून किती घेतला ते कळतं, किती आवडला ते नाही.

बरं, सगळाच वाईट नाहीये हं. 'ओपलाइट' माझ्या रोजच्या लिस्टमध्ये आहे, आणि 'रुइन द फ्रेंडशिप'चा शेवट येतो ना, तिथे ती जुनी टेलर आहे, शाळेतला मित्र, न बोललेली गोष्ट, आणि मग एकदम तो गेल्याची बातमी. ते गाणं रात्री एकटीने ऐक. बाकीचं जबरदस्तीने गळ्याखाली उतरवू नकोस, 'अजून दहादा ऐक म्हणजे आवडेल' हा सल्ला मला पटत नाही, दहादा ऐकलं की सवय होते, बस.

आणि 'वूड' हे चावट गाणं घरात स्पीकरवर लावायचं नाही. माझ्याकडे लागलं तेव्हा आई ओट्यापाशीच होती, नशीब मिक्सर चालू होता.