हवामान बदलावर नागपुरातल्या तीन-चार संस्थांनी मिळून सरकारी निधीसाठी मोठा प्रस्ताव कसा मांडावा?

आधी संस्था गोळा करून मग विषय शोधू नका. आमचा पहिला प्रस्ताव तिथेच आपटला. प्रत्येकाने आपापलं प्रकरण लिहिलं, शेवटच्या रात्री सगळं शिवलं. गोधडी झाली, प्रकल्प नाही.

कुणा एकाला सुटणार नाही असा एकच प्रश्न धरा. समजा, आपला उन्हाळा. तापमानाच्या नोंदी प्रादेशिक हवामान केंद्राकडे, पर्यावरणाचं काम नीरी या राष्ट्रीय पर्यावरण संशोधन संस्थेत, कापूस संशोधन संस्था आणि मृदा सर्वेक्षण ब्युरोही इथेच. पण मे महिन्यात भर दुपारी मशागत करणाऱ्या मजुराच्या शरीराचं आणि मजुरीचं काय होतं, हे विचारायला डॉक्टर आणि अर्थशास्त्रज्ञ लागतात. त्यांना प्रश्न ठरवतानाच बसवा. शेवटच्या पानावर तोंडी लावायला नको. (परीक्षकांना ते लगेच कळतं.)

निधीसाठी विज्ञान व तंत्रज्ञान विभागाचा हवामान बदल कार्यक्रम पाहा. २००८ च्या राष्ट्रीय कृती आराखड्यातली ज्ञानविषयक मोहीम त्याच विभागाकडे आहे. २०२३ च्या कायद्याने आलेलं, संशोधनाला निधी देणारं अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनही बघा. जुनं एसईआरबी, म्हणजे विज्ञान व अभियांत्रिकी संशोधन मंडळ, त्यातच विलीन झालं.

अंदाजपत्रकात पूर्णवेळ समन्वयकाचा पगार धराच. आणि माहिती कोण कुणाला कधी देणार, हे सह्या होण्याआधी लेखी घ्या. भांडणं तिथूनच सुरू होतात.