इंजिन स्वस्तात मिळतं, ते बसवणं महाग पडतं: जुन्या फोर बाय फोर गाड्यांबद्दल वाचकांचे प्रश्न

केळीच्या पट्ट्यात आणि सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांत जुन्या फोर बाय फोर जीप अजून रोजच्या कामाला जुंपलेल्या आहेत. या वेळी आलेल्या बहुतेक पत्रांचा रोख एकच आहे: इंजिन थकलंय, हाताशी पैसे थोडे आहेत, तर दुसरं कोणतं बसवावं?

प्रश्न: माझ्याकडे महिंद्राची एमएम ५४० जीप आहे, मूळच्या प्यूजो ४.९० डिझेल इंजिनाची. सकाळी सुरू व्हायला त्रास देते, धूर टाकते, चढावर दम राहिलेला नाही. एक मिस्त्री म्हणतात, जुन्या बोलेरोचं डीआय (डायरेक्ट इंजेक्शन डिझेल) टाका. दुसरे म्हणतात, प्यूजोचंच २.५ टाका. शेतातून केळी काढायची आणि रस्त्याने साठ-सत्तरच्या वेगाने जायचं, एवढंच काम आहे.
(वाचक, रावेर)

उत्तर: इंजिन उतरवायच्या आधी ते खरंच संपलंय का, ते मोजा. तुम्ही लिहिलेली लक्षणं एकाच रोगाची नाहीत. सकाळचा पांढरा धूर आणि उशिरा स्टार्ट होणं, हे बऱ्याचदा नुसत्या हीटर प्लगमुळे (थंड डिझेल इंजिन सुरू करायला आतून तापवणारे प्लग) होतं. चारही प्लग काढा, प्रत्येकाला बॅटरीवर थेट बारा व्होल्ट द्या आणि टोक लाल होतं का ते बघा. चारातले दोन मेलेले असले तरी हे इंजिन थंडीत कुरकुरतं. काळा धूर म्हणजे नोझल, पंप किंवा बुजलेला एअर फिल्टर. गरम झाल्यावरही निळा धूर येत राहिला, तर मात्र तेल जळतंय.

मग कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरातला दाब. इंजिन गरम करा, डिझेल बंद करा, चारही हीटर प्लग काढा आणि त्यांच्या भोकातून डिझेलचा गेज लावा. पेट्रोलच्या गेजला हा दाब झेपत नाही. स्टार्टर चांगल्या बॅटरीवर फिरवा. या जातीच्या प्री-चेंबर (डिझेल आधी छोट्या कप्प्यात पेटतं अशा) इंजिनाला २५ ते ३० बार आले तर इंजिन निरोगी आहे. वीसच्या खाली गेलं, किंवा एका सिलिंडरात इतरांपेक्षा चार-पाच बार कमी आले, तर काम निघालं. सिलिंडरात तेल सोडून पुन्हा मोजण्याची पेट्रोलवाली युक्ती इथे करू नका. डिझेलची जळणाची जागा इतकी लहान असते की तेलामुळेच दाब वाढतो आणि घासलेल्या रिंगाही चांगल्या वाटतात.

आकडे बरे आले, तर नोझल आणि पंप कॅलिब्रेशन करून घ्या, हीटर प्लग बदला आणि इंजिन बदलण्याचा विषय सोडा. आकडे पडलेले असतील, तरी आमचं पहिलं मत लायनर-पिस्टन, रिंगा आणि बेअरिंग टाकून हेच इंजिन बांधण्याचं आहे. माउंटिंग, क्लच, सायलेन्सर, आरसी सगळं जागच्या जागी राहतं. हेड मात्र सरळ पट्टीखाली तपासा. पट्टीखालून ०.०५ मिमीची फीलर पाती सहज सरकली, तर हेड वाकलंय. प्री-चेंबरचं हेड वाटेल तितकं खरवडता येत नाही, म्हणून दोनदा प्लेन झालेलं हेड घेऊ नका.

आता दोन्ही मिस्त्रींचे पर्याय. प्यूजो ४.९० म्हणजे ९० मिमी बोअर, ८३ मिमी स्ट्रोक, २११२ सीसी. प्यूजोचं २.५, म्हणजे एक्सडी३पी, त्याच घराण्यातलं आहे: ९४ बाय ९०, २४९८ सीसी. बसवायला ते सर्वांत कमी त्रासाचं आणि मिनिटाला ४५०० फेऱ्यांपर्यंत मोकळं पळणारं. डीआय २५२३ सीसीचं, खालच्या फेऱ्यांत जोर देणारं. काळ्या मातीच्या गाळात ते चांगलंच, पण ३२०० फेऱ्यांच्या आसपास त्याचा दम संपतो. म्हणून ते तुम्हाला चालेल की नाही, हे इंजिनापेक्षा क्राउन-पिनियन (मागच्या ॲक्सलमधली दातेरी चाकांची जोडी) ठरवतं.

ते मोजायला पुढच्या चाकांना दगड लावा, गिअर न्यूट्रल करा आणि मागचं एकच चाक जॅकवर उचला. चाकावर आणि प्रॉपेलर शाफ्टवर (मागच्या ॲक्सलला ताकद नेणारा लांब दांडा) खडूची खूण करा. चाक बरोबर दोन फेऱ्या फिरवा आणि शाफ्टच्या फेऱ्या मोजा. पाच फेऱ्या आणि वर तिसऱ्या हिश्श्याहून थोडं जास्त आलं, तर दात ८-४३, म्हणजे ५.३८. पाचाला जरासं कमी पडलं, तर ४.८८. सोळा इंची जुन्या टायरचा चालता परीघ साधारण २.२ मीटर धरला, तर टॉप गिअरला हिशेब असा होतो: ५.३८ असेल तर ताशी ६० ला इंजिन २४५० च्या आसपास फिरतं आणि ८० ला ३२६०. म्हणजे डीआयवर साठ आरामात, सत्तरला गोंगाट आणि ऐंशीला इंजिनाचा छळ. ४.८८ असेल तर ८० ला २९५०. तुमचं काम साठ-सत्तरचं असल्याने डीआय चालेल, पण ५.३८ निघालं आणि रोज जळगावला फेरी असेल, तर प्यूजोच बरं.

डीआयच घ्यायचं ठरलं, तर एकटं इंजिन घेऊ नका. कारखान्यातूनच डीआय बसवून आलेल्या एमएम ५५० आणि कमांडर गाड्या होत्या. अशा एका गाडीचा पूर्ण संच मागा: बेल हाउसिंग, फ्लायव्हील, क्लच प्लेट आणि प्रेशर प्लेट, स्टार्टर, दोन्ही माउंटिंग ब्रॅकेट, पंख्याची पुली, ॲक्सिलरेटरची जोडणी, एक्झॉस्टची पहिली नळी. यातलं एकेक नंतर शोधण्यात आणि लेथवर बनवून घेण्यातच पैसा जातो. इंजिनाच्या किमतीइतकी रक्कम किरकोळ सामानासाठी बाजूला नसेल, तर काम सुरू करू नका.

वेगळं इंजिन जुन्या गिअरबॉक्सला जोडायला घरी बनवलेल्या ॲडॉप्टर प्लेटबद्दल विशेष सांगायचं आहे, कारण सर्वांत जास्त गाड्या तिथेच बिघडतात. गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं टोक क्रँकच्या बुशमध्ये शिरतं. प्लेटची भोकं अंदाजाने पाडली, तर शाफ्ट आणि क्रँक यांचे मध्य जुळत नाहीत. गाडी चालते, पण क्लच सोडताना थरथरते, काही महिन्यांत हेच (पायलट) बुश खाल्लं जातं आणि मग गिअर सुटू लागतो. लोक गिअरबॉक्स खोलतात, दोष मात्र प्लेटमध्ये असतो. म्हणून फ्लायव्हीलवर डायल गेज बसवून, बेल हाउसिंगच्या मधल्या भोकाच्या कडेला टेकवून क्रँक पूर्ण फिरवायला सांगा. काट्याची एकूण हालचाल ०.२० मिमीच्या आत हवी. ज्यांच्याकडे डायल गेज नाही, त्यांच्याकडे ॲडॉप्टर बनवू नका.

इंजिन टेकवताना ते मागच्या बाजूला तीन-चार अंश उतरतं ठेवा आणि प्रॉपेलर शाफ्टच्या दोन्ही टोकांचे कोन जवळजवळ सारखे येऊ द्या. फरक पडला की ठरावीक वेगाला घरघर येते आणि शाफ्टचे क्रॉस (सांधे) लवकर जातात. सम्प (इंजिनाखालचं तेलाचं भांडं) आणि पुढचा डिफरन्शियल यांच्यात, पाटे पूर्ण दबलेले असताना, किमान ४० मिमी जागा हवी. ती उभ्या गाडीत मोजू नका. गाडी भरून, एक चाक उंचवट्यावर चढवून मोजा.

आणि आरसी. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार, निर्मात्याने दिलेल्या तपशिलाशी आरसीवरची नोंद विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. ४.९० च्या जागी दुसरं ४.९० बसवलं, तर प्रश्न फक्त इंजिन नंबरचा. २४९८ किंवा २५२३ सीसी बसवलं, तर सीसी बदलली. म्हणून सामान घेण्याआधी आरटीओत लेखी अर्ज करा, परवानगी मिळाली तरच हात घाला. काम झाल्यावर १४ दिवसांत कळवून आरसीवर नोंद करून घ्या, आणि विमा कंपनीलाही कळवा. पंधरा वर्षांवरच्या गाडीची नोंदणी पाच-पाच वर्षांनी वाढवायची असते, तेव्हा तपासणीत इंजिन आणि चासिस नंबर बघतातच. नोंद नसलेलं इंजिन तिथे अडतं.

प्रश्न: भंगारातून इंजिन घेताना काय बघावं?
(वाचक, चाळीसगाव)

उत्तर: शक्य असेल तर गाडीतच चालू असलेलं बघा, तेही थंड असताना. आधी गरम करून ठेवलेलं इंजिन दाखवलं, तर दुसऱ्या दिवशी सकाळी या म्हणावं. तेल भरायचं झाकण चालू इंजिनावर उघडा: थोडी वाफ चालते, भकाभका धूर आणि झाकण उडवणारा दाब चालत नाही. झाकणाखाली दुधाळ चिखल म्हणजे तेलात पाणी. सुटं पडलेलं असेल, तर पुढच्या पुलीच्या बोल्टला पाना लावून दोन पूर्ण फेऱ्या फिरवा. एका जागी अडलं, तर सोडून द्या. इंजिन नंबर घासलेला किंवा पुन्हा ठोकलेला असेल, तर फुकटही घेऊ नका. बिल आणि त्या मूळ गाडीच्या आरसीची प्रत नसेल, तर नोंद होणार नाही.

प्रश्न: वडिलांची पेट्रोल सीजे ३बी जीप आहे, महिन्यातून चार वेळा निघते. पेट्रोल परवडत नाही म्हणून त्यात डिझेल टाकायचं आहे. कोणतं घ्यावं?
(वाचक, शिरपूर)

उत्तर: घेऊ नका. कलम ५२ मध्ये सीएनजी, एलपीजी, बॅटरी वगैरेंसाठी मान्यताप्राप्त किट बसवायची वाट आहे. भंगारातलं डिझेल इंजिन म्हणजे तसं किट नव्हे. शिवाय डिझेलला जड बॅटरी, जाड केबल, वेगळा रेडिएटर आणि ब्रेक बूस्टर असेल तर व्हॅक्यूम पंप लागतो. महिन्यातून चार वेळा निघणाऱ्या गाडीत एवढा खर्च वसूल होत नाही.

तुमचं हरिकेन इंजिन २१९९ सीसीचं, साधं आणि टिकाऊ आहे. त्याचा इनटेक व्हॉल्व्ह हेडमध्ये आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये असतो. त्यामुळे नुसतं हेड काढून व्हॉल्व्ह घासून दिले, की काम अर्धंच होतं. एक्झॉस्टच्या सीट ब्लॉकमध्ये जळलेल्या तशाच राहतात. कॉम्प्रेशन १२० ते १३० पीएसआय हवं, सिलिंडरांमधला फरक दहाच्या आत. व्हॉल्व्ह क्लिअरन्स थंड इंजिनावर इनटेकला ०.०१८ इंच आणि एक्झॉस्टला ०.०१६. पॉइंट ०.०२०, प्लग ०.०३० इंच. आता पंपावर मिळणाऱ्या इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने जुनं रबर फुगतं, म्हणून पेट्रोल पंपाचा पडदा आणि सगळ्या नळ्या इथेनॉलला टिकणाऱ्या घ्या. इंजिनावर थेंब थेंब गळणारी नळी आगीला आमंत्रण देते, ते काम आजच करा.

प्रश्न: माझी जिप्सी १.३, कार्ब्युरेटरची. तोरणमाळच्या घाटात दुसऱ्या गिअरलाही दम टाकते. एमपीएफआय (कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्शनचं) इंजिन बसवायचा विचार आहे. टायर २३५/७५ आर १५ आहेत.
(वाचक, शहादा)

उत्तर: उत्तर तुमच्या शेवटच्या वाक्यातच आहे. मूळ टायर २०५/७० आर १५, व्यास ६६८ मिमी. तुमचा ७३३ मिमी. म्हणजे प्रत्येक गिअर सुमारे दहा टक्क्यांनी लांबला. तोरणमाळ साडेअकराशे मीटरच्या आसपास आहे आणि दर शंभर मीटरला इंजिनाची साधारण एक टक्का ताकद जाते, म्हणजे वर पोचेपर्यंत अकरा टक्के. दोन्ही एकत्र आल्यावर इतक्या लहान इंजिनाने करावं काय?

मूळ मापाचे टायर लावा. कार्ब्युरेटर खोलून जेट धुवा, फ्लोटची उंची लावा, टायमिंग तपासा. कच्च्या किंवा निसरड्या रस्त्यावर मोठी चढण आली की ट्रान्सफर लो मध्ये (छोट्या लिव्हरचा संथ, जोराचा गिअर) टाका, पण त्यात फोर व्हीलही लागतं, म्हणून कोरड्या डांबरावर तसं वळणं घेऊ नका. ताण शाफ्टवर येतो.

एमपीएफआय ८० अश्वशक्ती देतं हे खरं, पण नुसतं इंजिन उचलून ठेवणं पुरत नाही. कार्ब्युरेटरचा यांत्रिक पंप पाव बारच्या आसपास दाब देतो, इंजेक्शनला अडीच-तीन बार लागतो. म्हणजे टाकीत इलेक्ट्रिक पंप, परतीची नळी, ईसीयू (इंजिनाचा संगणक), पूर्ण वायरिंग आणि सगळे सेन्सर. टाकीत पंपाभोवती आडपडदा नसेल, तर पाव टाकीवर चढणीत पेट्रोल मागे सरकतं, पंप हवा ओढतो आणि गाडी ऐन वळणावर बंद पडते. करायचंच तर एका एमपीएफआय जिप्सीची टाकीपासून ईसीयूपर्यंतची सगळी मांडणी घ्या. एस्टीमचं इंजिन त्याच घराण्यातलं असलं तरी तिथे ते आडवं बसतं, त्यामुळे सम्प, तेलाची जाळी आणि माउंटिंग जिप्सीचं लावावं लागतं.

प्रश्न: जीपमध्ये आरटीओची परवानगी घेऊन डीआय बसवलं. हिवाळ्यात ठीक होतं, एप्रिलपासून काटा लालवर जातो. मिस्त्रीने थर्मोस्टॅट काढून टाकला, तरी फरक नाही.
(वाचक, भुसावळ)

उत्तर: थर्मोस्टॅट परत बसवा. तो नसला की काही इंजिनांत बायपासचा रस्ता कायम उघडा राहतो आणि गरम पाण्याचा काही भाग रेडिएटरला न जाता इंजिनातच फिरतो. नवा थर्मोस्टॅट आधी भांड्यात पाणी तापवून, त्यात सोडून उघडतो का ते बघा.

भुसावळला पंचेचाळीस अंशांत मूळ जीपचा रेडिएटर डीआयला अपुरा पडतो, त्यामुळे जास्त ओळींचा कोर लागेलच. पण खर्चाआधी पंखा बघा. इंजिन बदलल्यावर तो रेडिएटरपासून लांब जातो आणि जुनं शेड (पंख्याभोवतीचं कडं) बसत नाही म्हणून काढून टाकतात. शेड नसलेला पंखा इंजिनाभोवतीचीच गरम हवा घुसळतो. पत्र्याचं शेड बनवून घ्या, पाती निम्मी आत आणि निम्मी बाहेर येतील असं. जाळी आणि रेडिएटर यांच्यातल्या फटी रबराच्या पट्टीने बंद करा. पंखा उलटा तर बसलेला नाही ना, तेही बघा: चालू इंजिनात जाळीवर कागद धरला तर तो आत ओढला गेला पाहिजे.

पाणी बोअरचं घालत असाल, तर तेच मुळाशी असू शकतं. आपल्याकडचं बोअरचं पाणी जड, त्याचा पांढरा थर आतल्या नळ्यांत बसतो आणि उष्णता बाहेर पडू देत नाही. रेडिएटर उघडून दांड्याने साफ करून घ्या आणि पुढे कूलंट व शुद्ध पाणी निम्मे-निम्मे घाला. झाकण ०.९ बारचं हवं. दाबामुळे पाणी साधारण १२० अंशांच्या आसपास उकळतं. झाकणाचं रबर कडक झालं की हा फायदा जातो आणि पाणी शंभरालाच उसळतं.

शेवटी रेडिएटरच्या पुढच्या पापुद्र्यांत टॉर्च मारा. कापसाचे तंतू आणि धूळ मिळून तिथे राखाडी वाकळ तयार होते, ती बाहेरून सहजी दिसत नाही. इंजिनाच्या बाजूने पुढे, अशी हवा किंवा हलकं पाणी मारा. समोरून मारलं तर ती आतच दाबली जाते. वेचणीच्या दिवसांत हे दर पंधरा दिवसांनी करा.