कार्ड तेच, वॅट वेगळे

प्रश्न : मुलाला यंदा मेकॅनिकलला प्रवेश मिळाला. सॉलिडवर्क्ससाठी (थ्रीडी ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर) गेमिंग लॅपटॉपच लागतो, असं तो म्हणतो. बजेट ६५ हजार. हे खरं आहे, की आम्हाला गुंडाळतोय?
– एक वडील, वडगाव बुद्रुक

उत्तर : दोन्ही. थ्रीडी कामाला वेगळं ग्राफिक्स कार्ड असलं की हात मोकळा चालतो, हे खोटं नाही. पण पहिल्या वर्षाची ड्रॉइंग त्याच्यावाचूनही होतात. म्हणजे मुलगा निम्मं खरं बोलतोय. या वयात हे प्रमाण वाईट नाही.

तुमच्या पैशांत बहुधा आरटीएक्स ३०५० कार्ड मिळेल. इथे माझीच फसगत झाली होती, ती आधी सांगते. नारायण पेठेत मी लॅपटॉप दुरुस्त करते, रोज चारदोन उघडते. तरी भाच्यासाठी सेलमध्ये घाईघाईने एक मागवला. अंगाने सडपातळ, दिसायला देखणा, वर ३०५० चं स्टिकर. त्याच्या मित्राकडेही ३०५० च, पण लॅपटॉप विटेसारखा जाडजूड. गेम तोच, सेटिंग तीच; मित्राचा सुरळीत चालायचा आणि आमचा अडखळायचा. भाचा म्हणाला, "मावशी, तू नक्की यातलीच आहेस ना?"

कारण कंपनीच्या साइटवर अगदी तळाशी, बारीक अक्षरांत सापडलं. त्या मॉडेलमधल्या कार्डाला जेमतेम ४० वॅट सोडले होते. ही एकच चिप लॅपटॉप बनवणारे ३५ पासून ८० वॅटपर्यंत कशीही चालवतात. बारीक अंगातून उष्णता बाहेर काढायला जागा नसते, मग वीजच कमी सोडायची. स्टिकर मात्र तेच. वरच्या ४०५० चंही असंच, ३५ ते ११५ वॅट.

म्हणून दुकानात शिरल्यावर पहिला प्रश्न, "कार्ड किती वॅटचं?" विक्रेता बहुतेक वेळा म्हणेल, "लेटेस्ट आहे काका." मग तिथेच मोबाइलवर मॉडेलचा पूर्ण नंबर टाकून 'टीजीपी' (कार्डाला जास्तीत जास्त किती वॅट मिळतात) हा आकडा शोधा. तो सापडेपर्यंत पैसे देऊ नका. शिवाय ३०५० मध्ये ४ जीबी मेमरीचं कार्ड असतं आणि ६ जीबीचंही. सहाचंच घ्या, ही मेमरी नंतर वाढवता येत नाही.

रॅम १६ जीबी हवी. २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव असे चढलेत, की आठवर भागवावंसं वाटेल. चालेल, पण दुसरा स्लॉट रिकामा असेल तरच. टास्क मॅनेजर उघडून 'मेमरी'वर गेलं की दोनपैकी किती स्लॉट भरलेत ते दिसतं. दुकानदाराला ते दाखवायला सांगा.

मुलगा हॉस्टेलवर राहणार असेल तर एवढं त्याच्याकडून कबूल करून घ्या : गादीवर, गोधडीवर ठेवून खेळायचं नाही. हवा खालून आत जाते. माझ्याकडे 'आपोआप बंद पडतो' म्हणून येणाऱ्या कित्येक लॅपटॉपच्या पंख्यात कापसाची वात वळावी इतका पुंजका निघतो. आणि गुरुवारी वीज गेली की खेळाची मजाही गेली, कारण बॅटरीवर कार्डाला पूर्ण वीज मिळत नाही. वडिलांच्या दृष्टीने ही सोयच म्हणायची.

प्रश्न : मी घरी शिकवण्या घेते. ऑनलाइन वर्ग, प्रश्नपत्रिका एवढंच काम. मुलगी माइनक्राफ्ट खेळते, भाऊ आला की व्हॅलोरंट. ४० हजारांत गेमिंगचा मिळेल का? जुना घेऊ का?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : 'गेमिंगचा' हा शब्द सोडून द्या ताई, तुमचं काम त्याच्याशिवाय होईल. हे दोन्ही खेळ वेगळ्या कार्डावाचून, सेटिंग खाली आणून नीट चालतात. फक्त रॅमच्या दोन पट्ट्या असू द्या. ८ ची एक घेण्यापेक्षा ८ च्या दोन घ्या. प्रोसेसरच्या आतलं ग्राफिक्स आपली मेमरी रॅममधूनच उसनी घेतं, आणि दोन पट्ट्यांमुळे त्याची वाट दुप्पट रुंद होते.

जुना घ्यायचा तर कंपन्यांनी लीजवर वापरून परत केलेले दणकट असतात. इंटेलचा प्रोसेसर असेल तर आठव्या किंवा त्यानंतरच्या पिढीचाच घ्या, त्याच्या मागचे बहुतेक विंडोज ११ च्या यादीत बसत नाहीत, आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ वर व्हॅलोरंटला टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट या लॅपटॉपमधल्या सुरक्षेच्या दोन्ही सोयी लागतात. बायोसला (लॅपटॉप सुरू होताना विंडोजच्या आधी चालतं ते सॉफ्टवेअर) जुन्या कंपनीचा पासवर्ड तर राहिलेला नाही ना, ते तुमच्यासमोर उघडून बघा. तसला लॅपटॉप घेऊन लोक माझ्याकडे येतात, तोवर विकणाऱ्याचा फोन बंद झालेला असतो.

प्रश्न : हिंजवडीत नोकरी, भाड्याची खोली, रोज बाइक. गेमिंगसाठी बजेट सव्वा लाख. मित्र म्हणतात डेस्कटॉप घे.
– एक वाचक, वाकड

उत्तर : मित्रांचं घर स्वतःचं असणार! या पैशांत डेस्कटॉप जास्त ताकदीचा मिळतो, वादच नाही. पण दर ११ महिन्यांनी करार संपला की टेम्पोत मॉनिटर कोण सांभाळणार? लॅपटॉपच घ्या. ८ जीबी मेमरीचं ४०६० किंवा ५०६० बघा, वॅट विचारायचं वर सांगितलंच आहे. पडदा १०० टक्के एसआरजीबी हवा; एसआरजीबी, एनटीएससी ही पडदा किती रंग दाखवतो त्याची मापं. '४५ टक्के एनटीएससी' लिहिलेला पडदा धुऊन विटलेल्या साडीसारखा दिसतो.

एक बारकावा : याचा मूळ अडॅप्टर चांगलाच जड असतो, तो घरीच राहू द्या. टाइप सी मधून चार्जिंग होतं का, हे घेण्याआधी विचारा. होत असेल तर ऑफिसच्या बॅगेत ६५ वॅटचा छोटा चार्जर पुरतो. त्यावर खेळता येणार नाही, पण मेल आणि एक्सेल निभतं.