वाळूतली रुई : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : श्रीवर्धनजवळ पुळणीलगत आमचे आवार आहे. तिथे पांढरी रुई लावायची आहे. दोन पावसाळे फांद्या लावल्या, शेणखतही भरपूर घातले. पाने फुटली, पण श्रावणापर्यंत खोड मऊ पडून कुजले. कुठे चुकते?

उत्तर : पावसाळ्यात लावलीत आणि शेणखत घातलेत, तिथेच चुकले. फुटलेल्या पानांवर जाऊ नका. फांदीतल्या साठ्यावर पाने फुटतात, खाली मूळ धरलेलेच नसते. तोवर ओल राहिली की कूज ठरलेली.

फांदी माघ-फाल्गुनात घ्या. अंगठ्याएवढी जाड, राखाडी सालीची, वीतभर लांब. कोवळा शेंडा नको. पाने काढा, चीक धुऊन टाका आणि फांद्या ३-४ दिवस सावलीत पडू द्या. कापलेले तोंड सुकून चामड्यासारखे घट्ट झाले पाहिजे. ओल्या तोंडातून बुरशी आत शिरते. ३ भाग वाळू आणि १ भाग माती कालवून पिशव्या भरा, फांदीचा तिसरा हिस्सा आत जाऊ द्या. लावताना एकदा पाणी, पुढे बोटभर खोलपर्यंत वाळू कोरडी झाल्यावरच. दीड-दोन महिन्यांनी हलकेच ओढून पाहा. हाताला घट्ट लागली तर मूळ धरले. मग पावसाआधी उंचवट्यावर लावा, पुळणीवर पसरणाऱ्या मर्यादवेलीच्या पट्ट्याच्या मागे. भरतीचे पाणी पोहोचते तिथे नको. खत मुळीच नको.

रानातले मोठे झाड खणून आणू नका, खोल गेलेले सोटमूळ तुटते आणि झाड बसत नाही. बीही रुजते, पण भुंगे शेजारच्या जांभळ्या रुईचे पराग आणत असल्याने रोप पांढरेच निघेल याची खात्री नाही. पांढरी हवी तर फांदीच लावा.

प्रश्न : शनिवारी मारुतीच्या माळेसाठी पाने तोडताना चिकाचा थेंब डोळ्यात गेला. दुखले नाही म्हणून नुसता पुसला. दुपारपासून धूसर दिसते. थांबावे का?

उत्तर : अजिबात थांबू नका, आजच नेत्रतज्ज्ञाकडे जा. हा चीक डोळ्याचा वरचा भाग बधिर करतो, म्हणून सुरुवातीला वेदना जाणवत नाही आणि माणूस गाफील राहतो. तोवर चीक बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याच्या आतल्या थरापर्यंत पोहोचतो, पडदा सुजतो आणि समोर धुके दिसू लागते. वेळेवर उपचार झाले तर बहुतेकदा दृष्टी परत येते.

असा थेंब गेला की डोळा चोळायचा नाही. पापण्या उघड्या धरून स्वच्छ पाण्याच्या संथ धारेखाली किमान १५ मिनिटे धुवायचा, आणि दुखत नसले तरी डॉक्टरांना दाखवायचा. दूध, तूप, गुलाबपाणी काही घालू नका. पाने तोडताना साधा चष्मा आणि हातमोजे घाला. देठ तोडला की चीक लगेच उडतो, त्यामुळे डोक्यावरची फांदी ओढून तोडू नका. माळ ओवताना लहान मुलांना दूर ठेवा. चिकाचा हात डोळ्याला लागला तरी तेच होते.

प्रश्न : पानांखाली पिवळे किडे आणि पट्ट्यापट्ट्यांच्या अळ्या झाल्या आहेत. काय फवारावे?

उत्तर : काहीही नाही. काळ्या पायांचे पिवळे किडे म्हणजे मावा. फार वाढला तर पाण्याच्या जोरदार धारेने पाडा, नाहीतर ढालकिडे येऊन खातात. पट्टेरी अळीच्या पाठीवर काळ्या तंतूंच्या ३ जोड्या असतील, तर ती बिबळ्या कडव्याची, म्हणजे फुलपाखराची. फवारलेत तर तीही मरेल. पाने खाल्ली तरी जून झाड पुन्हा फुटते. भिंग घेऊन तिचे खाणे पाहा : आधी पानावर गोल चर कोरते, चीक तिथे वाहून जाऊ देते, मग आतला तुकडा खाते.