बारा हजारात बँक्सी? आणि प्रिंटबद्दल इतर प्रश्न

प्रश्न : ताई, मी डोंबिवलीचा. मागच्या महिन्यात ऑनलाइन बँक्सीचं, म्हणजे नाव लपवून भिंतींवर चित्रं काढणाऱ्या त्या ब्रिटिश कलाकाराचं, फुगा सुटलेल्या मुलीचं प्रिंट घेतलं, 12,000 ला. खाली पेन्सिलने 47/150 (150 पैकी 47 वं) लिहिलंय, सही आहे, सोबत सोनेरी शिक्क्याचं सर्टिफिकेट पण आलं. मित्र म्हणतो फसलास. खरं कसं ओळखायचं?

उत्तर : दादा, वाईट वाटतंय सांगायला पण मित्र बरोबर बोलतोय. हे प्रिंट 2004 मध्ये लंडनमध्ये निघालं, सही केलेली 150 आणि बिनसहीची 600, बस. आज बिनसहीचं सुद्धा लिलावात लाखो रुपयांना जातं, मग सहीवालं कोण 12,000 ला सोडेल? आणि ते सोनेरी शिक्क्याचं सर्टिफिकेट तर कुठल्याही प्रिंटिंगवाल्याकडे छापून मिळतं. बँक्सीच्या कामाला खरं ठरवणारी जागा एकच, 2008 पासून त्याचं स्वतःचं ऑफिस आहे, पेस्ट कंट्रोल नावाचं, आणि त्यांच्या कागदाला राणीऐवजी डायनाचं तोंड असलेल्या खोट्या दहा पौंडाच्या नोटेचा फाडलेला अर्धा तुकडा लावलेला असतो, वर हाताने नंबर, उरलेला अर्धा त्यांच्याकडे. दोन तुकडे जुळले तर खरं. मला ही पद्धत फार आवडते, कारण फाटलेली कड कुणाला हुबेहूब परत फाडता येत नाही.

तरी एकदा भिंग घेऊन तुमचं प्रिंट बघाच, डोळा तयार होतो. खरं प्रिंट हे स्क्रीन प्रिंट आहे, त्यात प्रत्येक रंगाची वेगळी जाळी, शाई स्क्वीजीने (रबरी पट्टीने) दाबून कागदावर उतरवायची, त्यामुळे रंग सलग आणि भरीव बसतो, कागद तिरका धरला तर शाईचा थर वेगळा चमकतो. या चित्रात तर काळा आणि लाल दोनच रंग. भिंगाखाली लाल फुग्यात गुलाबी-पिवळे बारीक ठिपके दिसले तर ते इंकजेट, म्हणजे कॉम्प्युटरच्या प्रिंटरवर काढलेलं, विषय संपला. पण उलटं धरू नका हं, सलग शाई दिसली म्हणजे खरंच असं नाही, नकली माल करणारे पण जाळी लावून छापतात. म्हणून शेवटी कागदपत्रंच बघायची, आधी कुणाकडे होतं, कुठून घेतलं, पावती कुठाय.

आता आजच काय करायचं ते सांगते. जाहिरातीचे स्क्रीनशॉट, पेमेंटचा पुरावा, पार्सलचे फोटो एकत्र ठेवा आणि जिथून घेतलं तिथे तक्रार टाकून रिफंड मागा, उशीर केला तर मुदत निघून जाते. आणि कृपा करून ते दुसऱ्या कुणाला खरं म्हणून विकू नका.

प्रश्न : ताई, मी रत्नागिरीची. भावाने अमेरिकेतून शेपर्ड फेरी या भिंतींवर काम करणाऱ्या अमेरिकन कलाकाराचं प्रिंट पाठवलंय. पावसाळ्यात बुरशी धरेल का? फ्रेम कशी करू?

उत्तर : धरेल, काळजी घेतली नाही तर नक्की धरेल, आणि कसर पण लागेल. माझं पहिलं प्रिंट फ्रेमवाल्याने हार्डबोर्डला गोंदाने पूर्ण चिकटवून टाकलं, दोन पावसाळ्यात पिवळे डाग आले आणि सोडवता पण येईना, अजून जीव हळहळतो. म्हणून दुकानात तुम्ही समोर उभं राहून करून घ्या. प्रिंट फक्त वरच्या बाजूला दोन ठिकाणी, पातळ जपानी कागद आणि गव्हाच्या खळीने लटकवायचं, सेलोटेप अजिबात नाही. मागचा बोर्ड आणि माउंट (प्रिंटभोवतीची पुठ्ठ्याची चौकट) अॅसिड-फ्री, म्हणजे आम्ल नसलेलं मागा. काच प्रिंटला टेकता कामा नये, मधे माउंटची जाडी हवीच, नाहीतर दमटपणात शाई काचेला चिकटते. युव्ही काच (उन्हातले अतिनील किरण अडवणारी) मिळाली तर उत्तम, तरी उन्हासमोर लावू नका, आणि समुद्राकडच्या ओल येणाऱ्या भिंतीवर तर नकोच, घरातली आतली कोरडी भिंत बघा. कड कापून फ्रेमच्या मापात बसवू देऊ नका, नंबर आणि सही तिथेच असते.

पार्सल नळीतून आलं असेल तर घाई नको. स्वच्छ हातांनी काढा, उलटं गुंडाळून सरळ करायला जाऊ नका, दोन स्वच्छ अॅसिड-फ्री कागदांच्या मधे ठेवून वर हलकं सपाट वजन ठेवा, चार दिवसात आपोआप बसतं.

प्रश्न : नवरा म्हणतो, छापलेल्या चित्राला कशाला एवढे पैसे? शंभर निघाली की ते ओरिजिनल कसलं?

उत्तर : ताई, त्यांना विचारा, आजीच्या घरातली मळवलीच्या प्रेसमधून आलेली रविवर्म्याची लक्ष्मी छापलेलीच होती ना, तिची किंमत कमी होती का? इथे तर चित्र छापण्यासाठीच केलेलं असतं, आधी पेंटिंग मग त्याचा फोटो असं नाही. रंग कसा बसतोय ते कलाकार बघतो, पसंत पडलेल्यावर सही करतो, ठरलेला आकडा झाला की जाळ्या धुवून मोकळ्या करतात. भिंतीवर काम करणाऱ्यांचं तर आणखी वेगळं आहे, भिंतीवरचं चित्र रंग मारून जातं, इमारत पडते, मग विद्यार्थ्यालाही घेता येईल असं त्याचं जे उरतं ते प्रिंट. फेरीने 2008 मध्ये ओबामाचं पोस्टर असंच केलं, पहिली विकून आलेल्या पैशातून पुढची छापली. त्याची नवीन प्रिंट अजूनही त्याच्या साइटवर शंभर डॉलरच्या आसपास किंवा खाली निघतात, काही मिनिटात संपतात पण. कुरियर आणि कस्टम ड्युटी धरून हिशोब करा, आणि नवऱ्याला एकदा हातात घेऊन बघू द्या.